साथ येण्याआधी नर्सिंग होमने मांडायचा ऑक्सिजनचा हिशोब

मोठ्या साथीत आपली रुग्णालयं टिकतील का, हे नुसत्या खाटा मोजून कळत नाही. एप्रिल 2021मध्ये खाटा होत्या तिथेही ऑक्सिजन संपत होता. म्हणून आधी मिनिटाला किती लिटर लागतो ते काढा.

समजा, घोडबंदर रोडवर 11 खाटांचं नर्सिंग होम आहे. 6 पेशंट नेझल प्राँगवर (नाकातल्या छोट्या नळ्या), प्रत्येकी 4 लिटर, म्हणजे 24. रिझर्व्हॉयर मास्कवरचे (पिशवी जोडलेला मास्क) 4 जण 12 प्रमाणे 48. एकजण एचएफएनसीवर (नाकातून खूप जास्त फ्लो देणारं मशीन), पूर्ण ऑक्सिजनवर, 50. एकूण मिनिटाला 122 लिटर. जम्बोत, म्हणजे मोठ्या सिलिंडरमध्ये, साधारण 7,000 लिटर असतो. तो 57 मिनिटांत संपेल. दिवसाला 25 लागतील, गळती आणि तळाशी राहणारा गॅस धरून 30. एकटी एचएफएनसी यातला 40 टक्के खाते, त्यामुळे दुसरं मशीन लावण्याआधी हा हिशोब पुन्हा करा.

खरी अडचण रिकाम्या सिलिंडरची होते. तळोज्याला भरायला गेलेली गाडी रांग आणि ट्रॅफिक धरून 8 तासांनी परतते असं समजा. तेवढ्या वेळाचे 10, गाडी चुकली तर आणखी 10, आणि भरायला गेलेले 10. असे 30 जम्बो आधीच करारात बांधून ठेवा. साथीत ते भाड्यानेही मिळत नाहीत.

मॅनिफोल्डच्या (सिलिंडर जोडून वॉर्डाच्या पाइपला ऑक्सिजन देणारी जोडणी) दोन्ही बाजू भरलेल्या हव्यात. दाबाचं गेज 150 बारवर असेल तर सिलिंडर पूर्ण, 75 वर निम्मा. दर तासाला आकडा वहीत लिहा. पाना मॅनिफोल्डलाच साखळीने बांधा, जादा वॉशर शेजारी ठेवा. व्हॉल्व्हला तेल-ग्रीस कधीही लावू नका, दाबाखालच्या ऑक्सिजनमध्ये ते पेट घेतं. गळती साबणाच्या फेसानेच तपासा.

बचत वॉर्डातच होते. बहुतेकांना सॅच्युरेशन (रक्तातलं ऑक्सिजनचं प्रमाण) 92 ते 96 टक्के पुरेसं असतं (सीओपीडी या फुप्फुसाच्या जुनाट आजाराच्या पेशंटला 88 ते 92). 99 दिसलं की सिस्टरने डॉक्टरांच्या सूचनेप्रमाणे फ्लो 1 लिटरने उतरवावा आणि 15 मिनिटांनी पुन्हा बघावं. जेवताना मास्क काढून फ्लो तसाच चालू राहतो, हे तर रोजचंच.

द्रवरूप ऑक्सिजनची टाकी किंवा पीएसए प्लांट (हवेतून ऑक्सिजन वेगळा करणारा) असला तरी जम्बो काढून टाकू नका. 21 एप्रिल 2021ला नाशिकच्या झाकीर हुसेन रुग्णालयात टाकीजवळ गळती होऊन पुरवठा तुटला, 20हून जास्त रुग्ण दगावले. पीएसए विजेवर चालतो. तो जनरेटरवर जोडलेला आहे ना, हे कागदावर बघू नका. पुरवठा जम्बोवर वळवून प्लांटची मुख्य वीज तोडा आणि जनरेटर किती सेकंदांत घेतो ते घड्याळावर मोजा.