कृष्णवर्णीय नवोदित दिग्दर्शकांच्या शॉर्टफिल्मना मदत करताय? या चुका टाळा

अमेरिकेतल्या एखाद्या नव्या कृष्णवर्णीय दिग्दर्शकाची शॉर्टफिल्म, विषय पोलिसी अत्याचार, तुरुंग किंवा घरभाड्याचा, आणि तिच्यासाठी निधी मागणारा मेसेज. न्यू जर्सीत किंवा कॅलिफोर्नियातल्या बे एरियात राहणाऱ्या मराठी मंडळींना हे नवीन नाही. पन्नास डॉलर देऊन मोकळं व्हायला मिनिटभर पुरतं. घोळ होतात ते त्याच्या आधी आणि नंतर.

दुःख मोजून पैसे देणं

सामाजिक न्याय म्हटलं की गोळी, रक्त आणि रडणारी आई हवीच, असा देणाऱ्यांचा छुपा हट्ट असतो. उघड कुणी बोलत नाही, ‘जरा अजून हादरवून टाकणारं करा’ एवढंच सुचवतात. कृष्णवर्णीय दिग्दर्शक मॅथ्यू चेरी यांनी २०१७ मध्ये किकस्टार्टर या लोकवर्गणीच्या वेबसाइटवर ‘हेअर लव्ह’ या ॲनिमेशनपटासाठी ७५ हजार डॉलर मागितले होते. जमले २ लाख ८० हजारांहून जास्त. गोष्ट एवढीच, की बाप पहिल्यांदाच लेकीचे केस बांधायला बसतो. २०२० मध्ये तिला ऑस्कर मिळालं आणि चेरी यांनी त्याच मंचावर ‘क्राउन ॲक्ट’चा विषय काढला. केसांच्या ठेवणीवरून शाळेत आणि नोकरीत होणाऱ्या भेदभावाला बंदी घालणारा हा कायदा, कॅलिफोर्नियाने २०१९ मध्ये सर्वांत आधी केलेला. गोळी एकही सुटली नाही, पण मुद्दा सगळ्यांपर्यंत पोचला. पटकथा वाचायला मिळाली तर शंका जरूर विचारा. शेवट बदलायला सांगू नका. पैसे दिल्याने कुणी सहलेखक होत नाही.

चुकीच्या वाटेने पैसे पाठवणं

सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं, आणि कुणाच्या लक्षातही येत नाही. दिग्दर्शकाला झेल (Zelle) किंवा व्हेन्मो या पैसे पाठवायच्या सेवांनी थेट पैसे पाठवले तर ती व्यक्तीला दिलेली भेट ठरते. करसवलत नाही, आणि कंपनी देते तो जोड-निधीही नाही. आयटीतल्या आपल्या मंडळींसाठी हा दुसरा मुद्दा मोठा आहे, कारण अनेक कंपन्या कर्मचाऱ्याच्या देणगीइतकीच रक्कम स्वतःकडून घालतात, पण ती फक्त ५०१(सी)(३) दर्जाच्या, म्हणजे अमेरिकी कायद्याने करमाफी असलेल्या ना-नफा संस्थेला.

म्हणून आधी विचारायचं: तुमचा फिस्कल स्पॉन्सर कोण? म्हणजे दिग्दर्शकाच्या प्रकल्पाला आपल्या छत्राखाली घेऊन त्याच्या वतीने देणग्या स्वीकारणारी ना-नफा संस्था. फिल्म इंडिपेंडंट, विमेन मेक मूव्हीज अशा संस्था हे काम करतात. त्या थोडी टक्केवारी कापून घेतात. त्यावर नाक मुरडू नका, हिशेब ठेवण्याचे ते पैसे आहेत.

कंपनीच्या पोर्टलवर फिल्मचं नाव सापडत नाही? सापडणारही नाही. स्पॉन्सर संस्थेचं नाव किंवा तिचा ईआयएन (अमेरिकी करखात्याने दिलेला ओळख क्रमांक) टाका आणि शेऱ्याच्या रकान्यात प्रकल्पाचं नाव न विसरता लिहा. शेरा राहिला तर पैसे संस्थेच्या सर्वसाधारण निधीत जाऊन बसतात आणि दिग्दर्शक वाट बघत राहतो. कंपनीचा हिस्सा यायला बराच वेळ लागतो, तेव्हा पुढच्या आठवड्याच्या शूटिंगचा खर्च त्याच्या भरवशावर ठरवायला लावू नका. पुण्या-मुंबईतून देत असाल तर ८०जी कलमाची करसवलत विसरा, ती भारतातल्या मान्यताप्राप्त संस्थांनाच आहे. कार्डावर आंतरराष्ट्रीय व्यवहार सुरू आहेत का, तेवढं बघा.

किकस्टार्टरवर ठरलेली रक्कम पूर्ण झाली नाही तर दिग्दर्शकाच्या हाती काहीच पडत नाही. सीड अँड स्पार्क या तशाच वेबसाइटवर ८० टक्के जमले की हिरवा कंदील मिळतो. त्यामुळे ‘शेवटच्या दिवशी देऊ’ हे धोरण वाईट. पहिल्याच आठवड्यात आकडा हलला की अनोळखी लोकही पुढे येतात. मोहीम मध्येच अडकली असेल तर स्वतःची रक्कम वाढवण्यापेक्षा चार जणांना एकेक फोन करा. ग्रुपवर टाकलेल्या मेसेजला अंगठे मिळतात, पैसे नाही.

शूटिंगला उत्साह, नंतर शुकशुकाट

कॅमेऱ्याचं भाडं द्यायला सगळे तयार. साउंड मिक्स, कलर, सबटायटल्स, विमा, फेस्टिव्हलची प्रवेश फी, तिथवर जायचं तिकीट, यांना कुणी वाली नसतो. वर्ष उलटलं तरी फिल्म दिसत नाही म्हणून वैतागण्याआधी ‘नेमकं कुठे अडलंय?’ असं विचारा. बहुधा यातलंच एखादं निघेल.

संगीताच्या हक्कांचा तर धडाच आहे. चार्ल्स बर्नेट यांनी लॉस एंजेलिसमध्ये शिकत असताना दहा हजार डॉलरपेक्षा कमी खर्चात ‘किलर ऑफ शीप’ हा पूर्ण लांबीचा सिनेमा केला. तिथल्याच वॉट्स भागातल्या कष्टकरी कृष्णवर्णीय कुटुंबाची गोष्ट. १९७७ मध्ये तयार झालेला हा सिनेमा रीतसर चित्रपटगृहांत लागला २००७ मध्ये, कारण गाण्यांचे हक्क घेतलेले नव्हते. ते मिळवायला दीड लाख डॉलर लागले. एका गाण्यामागे दोन परवानग्या असतात: एक रचनेची, दुसरी त्या विशिष्ट ध्वनिमुद्रणाची. तुमच्या ओळखीत मीडिया किंवा करार बघणारा वकील असेल तर त्याचे दोन तास मिळवून द्या. माझ्या मते हजार डॉलरच्या चेकपेक्षा ते जास्त उपयोगी.

मध्येच आपली गोष्ट सुरू करणं

महात्मा फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकनांना, आणि मुंबईत १९७२ मध्ये उभ्या राहिलेल्या दलित पँथरने नावच अमेरिकेतल्या ब्लॅक पँथर या कृष्णवर्णीयांच्या संघटनेकडून घेतलं. दोन्ही लढ्यांचं नातं खरं आहे. पण दिग्दर्शकाने बजेट पाठवलंय आणि उत्तरात आपण ‘आमच्याकडेही असंच असतं’ यावर दोन पानं पाठवतोय, हे बरं नव्हे. (शिवाय हे लिहिणाऱ्यांपैकी कितीजण जातीबद्दल एरवी बोलतात, हा वेगळा विषय.)

फेब्रुवारीपुरती आठवण

फेब्रुवारीतला ब्लॅक हिस्टरी मंथ (कृष्णवर्णीयांच्या इतिहासाचा महिना) आला की महाराष्ट्र मंडळाला फिल्म दाखवायची असते, तीही फुकट, ‘प्रसिद्धी मिळेल’ म्हणून. केटररला असं सांगून बघा. स्क्रीनिंग फी द्या, दिग्दर्शकाला बोलावलं तर मानधन द्या, आणि शक्यतो ऑक्टोबरात बोलवा.

सनडान्सचा हट्ट आणि लिंक फॉरवर्ड करणं

‘सनडान्सला लागली का?’ हा प्रश्न टाळा; तो अमेरिकेतला नावाजलेला फिल्म फेस्टिव्हल असला तरी एकमेव नाही. फिलाडेल्फियाचा ब्लॅकस्टार (२०१२ पासून) आणि लॉस एंजेलिसचा पॅन आफ्रिकन फिल्म फेस्टिव्हल (१९९२ पासून) इथे या फिल्मना जाणता प्रेक्षक मिळतो, शिवाय दोन्हीकडच्या शॉर्टफिल्म पुरस्कारांतून ऑस्करच्या शर्यतीत उतरण्याची वाट आहे.

त्या शर्यतीचे दोन नियम माहीत असू द्या. लांबी श्रेयनामावलीसह ४० मिनिटांपर्यंतच. आणि पात्र ठरण्याआधी फिल्म इंटरनेटवर सार्वजनिक झालेली नको. देणगीदार म्हणून तुम्हाला पासवर्ड असलेली लिंक आली असेल, तर ती कौतुकाने फॅमिली ग्रुपवर टाकू नका, आणि फिल्म स्क्रीन रेकॉर्ड करून यूट्यूबवर चढवणारा भाचा घरात असेल तर त्याला पासवर्ड सांगूच नका. कुणाला दाखवायचीच असेल तर आधी दिग्दर्शकाला मेल करून विचारा; बहुतेकदा ते त्या व्यक्तीसाठी वेगळी लिंक पाठवतात.