टेलरिंग मटेरियलचं दुकान: माल भरताना आणि विकताना

शिलाई साहित्याच्या दुकानात सगळ्यात जास्त पैसा अडकतो तो फॉल आणि अस्तराच्या रंगांत. म्हणून पहिल्याच खेपेला शंभर छटा भरू नका. पांढरा, काळा, मरून, राणी, मोरपंखी, बाटली हिरवा, बदामी, मोतिया हे रोज लागणारे रंग डझनाने घ्या, बाकीचे दोन-दोन नग पुरे. गिऱ्हाईक रंग न मिळाल्याने परत गेलं की तो रंग लगेच वहीत टिपा. महिन्यात एकाच रंगाची तीनदा विचारणा झाली, तर तो भरायचा. खानदेशाला सुरत जवळ आहे. नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेर तर सुरतेच्याच रेल्वेमार्गावर. थोडा माल वारंवार आणणं इथे परवडतं, त्याचा फायदा घ्या.

मॅचिंग नेहमी दारातल्या उजेडात करा. ट्यूबखाली जुळलेला रंग उन्हात वेगळा दिसतो आणि फॉल परत येतो. साडी पूर्ण उलगडून खालचा काठ बघा. काठ रुंद असेल तर फॉल काठाला जुळवायचा, अंगाच्या रंगाला नाही. दोरा जुळवताना रीळ कापडावर नुसतं ठेवून भागत नाही. दोऱ्याचा एक पदर सोडून कापडावर आडवा टाका. रिळावर गडद दिसणारा दोरा शिवणीत फिका पडतो, त्यामुळे दोन छटांत अडलात तर गडद द्या.

सुती फॉल पहिल्या धुण्यात आकसतो आणि साडीच्या कडेला चुण्या पडतात. विकतानाच सांगा: रात्रभर पाण्यात भिजवा, वाळवा, इस्त्री करा, मगच लावा. टू-बाय-टू या सुती कापडाच्या अस्तराचंही तसंच. ब्लाउजला साधारण 80 सेंटीमीटर ते 1 मीटर अस्तर लागतं, अंग भरलेलं असेल तर 1 मीटरच सुचवा. कापड मोजायची पट्टी वैधमापन (वजन-मापं तपासणाऱ्या सरकारी) विभागाचा शिक्का असलेलीच ठेवा.

दोऱ्याची जात ओळखायची तर टोक जाळून पाहा. सुती दोरा कागदासारखा वास देत जळतो आणि मऊ राख उरते. पॉलिस्टर वितळून कडक गोळी होते.

सुईबाबत विचारल्याशिवाय पाकीट देऊ नका. घरगुती मशीनच्या सुईचा दांडा एका बाजूने चपटा असतो, कारखान्याच्या मोटार मशीनचा गोल. चुकीची सुई बसवली की टाके सुटतात किंवा सुई मोडते आणि शिंपी दोऱ्याला दोष देतो. पातळ व्हॉइल, सिल्कला 11 नंबर, साध्या सुतीला 14, ड्रिलसारख्या जाड कापडाला 16, जीन्सला 18. होजिअरीला (बनियनसारख्या ताणल्या जाणाऱ्या विणीच्या कापडाला) गोल टोकाची, कारण टोकदार सुई धागा कापते आणि भोकं पडतात.

शर्टाचं नेहमीचं बटण 18 लाइनचं (40 लाइन म्हणजे 1 इंच, म्हणजे हे साधारण साडेअकरा मिलिमीटर). पूर्ण बाह्यांच्या शर्टाला समोर 7, कफांना 2, बाहीच्या पट्टीला 2 आणि एक जादा, अशी 12 धरा. एका ग्रोसमध्ये 144, म्हणजे 12 शर्ट. चेनच्या रोलसोबत त्याच नंबरचे रनर (चेन उघडबंद करणारा सरकता तुकडा) ठेवा, 5 नंबरच्या चेनवर 3 चा रनर चालत नाही.

इलॅस्टिकची काळजी खानदेशात वेगळीच घ्यावी लागते. जळगाव-भुसावळकडे उन्हाळ्यात पारा 45 च्या घरात जातो. पत्र्याखालच्या माळ्यावर ठेवलेल्या इलॅस्टिकमधलं रबर कडक होतं आणि ताणलं की परत आवळत नाही. ते खालच्या, सावलीच्या खणात ठेवा, जुना माल आधी विका. विकण्याआधी हातभर तुकडा ताणून सोडा. लांबच राहिला तर तो गठ्ठा बाजूला काढा. हुकांना धोका पावसाळ्याचा. गंजलेला हुक ब्लाउजवर डाग पाडतो आणि तो डाग निघत नाही.

खरेदीचं गणित सणावारावर बसवा. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) लेकी माहेरी येतात, त्याच सुमारास लग्नसराई असते. त्यामुळे फॉल, अस्तर, लेस, लटकन फेब्रुवारी-मार्चमध्येच भरून ठेवा. शाळा जूनच्या मध्यावर उघडतात, तेव्हा पांढरी बटणं, चेन आणि पँटीचे हुक मेच्या पहिल्या पंधरवड्यात दुकानात हवेत. शिंप्यांना उधारी द्यावीच लागते. ती प्रत्येकाच्या वेगळ्या पानावर, नगवार लिहा आणि आठवडे बाजाराच्या दिवशी वसूल करा. त्या दिवशी शिंप्याच्या हातात पैसा असतो.