चिनी भाषेतला 'ल': या चुका टाळा

चिनी शिकायला लागलेल्या मराठी विद्यार्थ्याची वही उघडा. पहिल्या काही पानांतच, खाली दोनदा रेघ मारून, एक वाक्य लिहिलेलं असतं: 'ल म्हणजे भूतकाळ.' वर्ग बदलतो, शहर बदलतं, वाक्य तेच. मी शिकवायला लागल्यापासून हे वाक्य खोडते आहे.

दोष मराठीचाही आहे. गेला, आला, केलं, खाल्लं... आपल्या भूतकाळात जिथे तिथे ल. आणि चिनीत सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या पहिल्या दहा अक्षरांत बसणारं, दोनच रेघांचं एक अक्षर, उच्चार 'ल', क्रियापदाच्या मागे किंवा वाक्याच्या शेवटी येऊन बसतं. योगायोग आहे, पण इतका गोड की पोरं लगेच फसतात. 'छ' म्हणजे खाणं, मग 'छ ल' म्हणजे खाल्लं. झालं शिकून!

(उच्चार मी देवनागरीत देते आहे. चिनीत ब, द, ग असे घोष उच्चार नाहीत. रोमन लिपीत बी दिसला तरी तो आपल्या प-जवळचा असतो. म्हणून इथे पू, त, क दिसेल.)

'ल' म्हणजे भूतकाळ: सगळ्यात महागडी चूक

माझा एक विद्यार्थी होता. हुशार, पाठांतर चोख, शब्दांची कार्डं खिशात. दुसरी पातळी संपायच्या आत त्याने प्लॅस्टिकचे साचे मागवणाऱ्या एका कारखान्यात नोकरी धरली. काम होतं चीनमधल्या निंगबो शहराच्या पुरवठादाराशी चॅटवर बोलायचं. थोडं थांब म्हटलं होतं, पण घाई होती. एका संध्याकाळी मालक मागे उभे, याने विचारलं, 'फा ल मा?' म्हणजे पाठवलं का? प्रश्न अगदी बरोबर. उत्तर आलं, 'ख्वाइ ल, ख्वाइ ल.'

याच्या कार्डावर 'ख्वाइ' म्हणजे जलद. ल म्हणजे भूतकाळ. बेरीज केली: जलद पाठवलं. 'माल निघाला,' त्याने मालकांना सांगितलं, आणि मालकांनी तिथल्या तिथे आपल्या गिऱ्हाइकाला तारीख देऊन टाकली.

माल निघाला नव्हता. माल खोक्यांतही गेला नव्हता. 'ख्वाइ ल' म्हणजे होतच आलंय, लवकरच होईल. शिंपी 'झालंच, झालंच' म्हणतो तेव्हा कापड कापलेलंसुद्धा नसतं, तसं. आणि गंमत बघा, 'झालंच' हे रूपही भूतकाळाचंच आहे, तरी आपण कधी फसत नाही. पुढच्या आठवड्यात 'हाय मेइ फा', म्हणजे अजून पाठवलं नाही, असं उत्तर आलं तेव्हा कुठे कारखान्यात उलगडा झाला. पुढे काय झालं असेल ते सांगायला नको.

'ल' काळ सांगत नाही. तो दोन गोष्टी सांगतो. क्रियापदाला चिकटला तर क्रिया पुरी झाली, मग ती काल असो वा उद्या. वाक्याच्या शेवटी आला तर परिस्थिती बदलली: मघाशी नव्हतं ते आता आहे, किंवा होऊ घातलंय. 'मिंगथ्येन वो छ ल फान च्यौ लाय' म्हणजे उद्या जेवलो की येतो. वाक्यात उद्या आहे आणि तरी ल आहे. मराठीतही 'जेवलो' आहेच की! 'श्या यू ल' म्हणजे पाऊस आला, गॅलरीतले कपडे काढा. 'वो त्सौ ल' म्हणजे चला, निघालो. हे दारात चपला घालताना म्हणायचं, स्टेशनवर पोचल्यावर नाही.

म्हणजे मराठी माणसाला ल कळायला खरं तर इतरांपेक्षा सोपा जायला हवा. आपला तोंडातला ल आणि व्याकरणाच्या पुस्तकातला ल यांतला पहिला धरा. मी वहीत 'भूतकाळ' खोडायला लावते आणि त्या जागी प्रश्न लिहायला लावते: काय बदललं? परिच्छेद लिहून झाला की प्रत्येक ल-वर बोट ठेवून हे विचारायचं. उत्तर सापडलं नाही, आणि क्रिया पुरी झाल्याचंही सांगायचं नसेल, तर ल काटायचा. कंटाळवाणं आहे. पर्याय मला सापडलेला नाही.

'मेइ'बरोबर 'ल' नाही: अर्धाच नियम

'काल मी गेलो नाही' याचं चिनी 'त्सुओथ्येन वो मेइ छ्यू'. 'मेइ' हा नकार. इथे ल नाही, कारण काहीच पुरं झालं नाही. नियम बरोबर आहे. अडचण अशी की लोक तो कुठल्या तरी तीस सेकंदांच्या व्हिडिओत ऐकतात आणि 'नकार असेल तर ल नाही' असा पाठ करतात. मग दुकानदार 'मेइ ल' म्हणाला की गोंधळतात. तो सांगतोय की माल संपला. होता, आता नाही. बदल झालाच ना?

'पू' हा दुसरा नकार, त्याच्याबरोबर तर ल फार कामाचा. 'पू छ्यू' म्हणजे जाणार नाही. 'पू छ्यू ल' म्हणजे जाणार होतो, आता रद्द. चिनी यजमानाकडे जेवताना तिसऱ्यांदा वाढायला आले तर 'पू छ ल' म्हणा: झालं, आता बस. नुसतं 'पू छ' म्हणालात तर 'मी खात नाही' असं ऐकू जातं, आणि यजमानाचा चेहरा पडतो.

एक 'ल' की दोन?

'वो श्वे ल ल्यांग न्येन चोंगवन' म्हणजे दोन वर्षं चिनी शिकले. आता शिकते की नाही, कोण जाणे. याच वाक्याच्या शेवटी आणखी एक ल लावला की अर्थ होतो, दोन वर्षं झाली, अजून शिकतेच आहे. नोकरीच्या मुलाखतीला जाण्याआधी हे एवढं तरी घोटा.

बाकीच्या, भराभर

सवयीच्या गोष्टींना ल नको. पूर्वी मी रोज जायचे: 'यीछ्येन वो थ्येनथ्येन छ्यू'. मराठीत जिथे जायचो, खायचो, आवडायचं येतं, तिथे ल-ला हात लावू नका.

'तो म्हणाला की...' यातल्या 'श्वो'लाही नको.

'तू कधी आलास?' इथे तो आलेला दिसतोच आहे, विचारायचंय कधी. म्हणून 'नी शन्म शहौ लाय त'. शेवटी त, ल नाही.

'थाइ क्वेइ ल', फार महाग. हा ल कुठून आला म्हणून वेळ घालवू नका. 'थाइ'बरोबर बहुधा येतो, घासाघीस करताना तर हवाच.

उच्चार 'ले' नाही. रोमनमधली ई बघून ले-ले करत बसणाऱ्यांना एवढंच सांगणं की डोळ्यांनी नाही, कानांनी शिका. आखूड, हलका ल, त्याला स्वतःचा सूर नाही.

लिहिताना दोन रेघा: आधी आडवी जाऊन खाली तिरकी वळणारी, मग खाली उतरून आकडा मारणारी. मधे आडवी रेघ पडली की ते 'त्स', म्हणजे मूल. इसवी सन 100 च्या सुमारास शू शन या कोशकाराने आपल्या ल-चा आकार 'हात नसलेलं मूल' असाच सांगितला. चित्रं दाखवून अक्षरं शिकवणाऱ्या ॲपना हे फार आवडतं. आकार लक्षात राहतो, मान्य. पण त्या बिनहाताच्या मुलावरून तुम्हाला 'ख्वाइ ल' कळणार आहे का?

'ल्याओ' वाचायचं तिथे 'ल'

याच अक्षराचा दुसरा उच्चार ल्याओ, आणि तो जुना अर्थ सांभाळून आहे: संपवणं, पार पाडणं. 'छ पु ल्याओ' म्हणजे एवढं खाऊन संपणार नाही. 'शौ पु ल्याओ' म्हणजे सहन होत नाही. 'ल्याओच्ये' म्हणजे नीट समजून घेणं, 'ल्याओपुछी' म्हणजे जबरदस्त माणूस. क्रियापदामागे 'पु' किंवा 'त' आणि लगेच हे अक्षर दिसलं, की ल्याओ वाचा. यादी पाठ करू नका, हे चार शब्द रोज बोलण्यात आणा, बाकीचे मागून येतात.

आणि लिहिताना शंका राहिलीच, तर मी ल गाळते. गाळलेल्या ल-ने वाक्य कच्चं वाटेल, समोरचा चिनी माणूस 'असं म्हणायचंय का?' असं विचारून नीट करून देईल. नको तिथे घातलेला ल मात्र वाक्य व्यवस्थित दिसू देतो आणि अर्थ भलताच पोचवतो, मग विचारणार कोण?