सोसायटीच्या कपाटातला आणि गेटवरच्या ॲपमधला डेटा : मे २०२७ च्या आधी काय आवरायचं

मी डोंबिवलीतल्या एका सहकारी गृहनिर्माण संस्थेची सचिव आहे. आधीची नोकरी बँकेत झाली, त्यातली बरीच वर्षं केवायसीच्या टेबलावर. आजूबाजूच्या सोसायट्यांचे पदाधिकारी भेटले की हल्ली विचारतात, "मॅडम, तो डेटाचा कायदा आपल्याला लागू होतो का हो?" होतो. सभासद, भाडेकरू, कामवाल्या बायका, वॉचमन यांची नावं, नंबर, फोटो कॉम्प्युटरवर किंवा ॲपमध्ये ठेवणारी सोसायटी म्हणजे कायद्याच्या भाषेत 'डेटा फिड्युशिअरी'. ज्याची माहिती, तो 'डेटा प्रिन्सिपल'. आपण नफा कमावत नाही, पदाधिकारी बिनपगारी राबतात, याने जबाबदारी टळत नाही.

डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यावर राष्ट्रपतींची सही झाली ११ ऑगस्ट २०२३ ला. त्याचे नियम राजपत्रात यायला मात्र नोव्हेंबर २०२५ उजाडला. नोटीस, संमती, सुरक्षा, माहिती फुटल्यास कळवणं या मुख्य कामांसाठी नियमांनी १८ महिने दिलेत, म्हणजे मे २०२७ पर्यंत.

पहिली गोष्ट : संमतीचे फॉर्म छापायला धावू नका. आधी माहिती कमी करा. सही घेतली की सुटलो, असं या कायद्यात नाही. कायद्यातच उदाहरण दिलंय : डॉक्टरी सल्ल्याच्या ॲपने मोबाईलमधले सगळे कॉन्टॅक्ट मागितले आणि बाईंनी 'हो' म्हटलं, तरी कॉन्टॅक्टपुरती ती संमती धरली जात नाही, कारण सल्ल्यासाठी त्यांची गरजच नव्हती. शिवाय नवे नियम पूर्ण लागू झाले की माहिती आणि तिचे लॉग (ती कोणी, कधी पाहिली-वापरली याच्या नोंदी) किमान एक वर्ष जपून ठेवायची अट येते. म्हणजे विनाकारण घेतलेल्या प्रत्येक कागदाची वर्षभर राखण आपल्याच गळ्यात. मुळात घेतलंच नाही, तर सांभाळायलाही नको.

तेव्हा ऑफिसातलं कपाट आणि कॉम्प्युटर एकाच दिवशी उघडा. सभासदांची 'आय' नोंदवही, 'जे' नमुन्यातली यादी, भागपत्रं, नामनिर्देशनाचे अर्ज, लीव्ह अँड लायसन्स कराराची प्रत हे सगळं राहणारच. सहकार कायद्याने जे ठेवणं भाग आहे, ते कोणी "पुसा" म्हटलं तरी पुसायचं नसतं. बाकीचं बघा. पार्किंग स्टिकरसाठी घेतलेलं आरसी बुक ठीक, पण त्याला जोडलेलं पॅनकार्ड कशाला? कुटुंबातल्या प्रत्येकाच्या आधारची झेरॉक्स कोणी मागितली होती? निव्वळ कागदावरच्या माहितीला हा कायदा लागत नाही, स्कॅन केली की लागतो. पण झेरॉक्स दुकानातून वाण्याच्या पुडीपर्यंत पोचते, हे सगळ्यांना माहीत आहे. कापून टाका. यापुढे ओळखीसाठी आधार कोणी दिलंच, तर मास्क्ड प्रत घ्या, त्यात शेवटचे चारच आकडे दिसतात.

एक जागा हमखास विसरली जाते : मागच्या सचिवांचा किंवा खजिनदारांचा खासगी ईमेल आणि त्यांचा फोन. कमिटी बदलली तरी पोलीस पडताळणीचे फोटो, करारांच्या पीडीएफ तिथेच पडून असतात. सोसायटीच्या नावाने एक ईमेल करा, सगळं तिकडे हलवा, आणि जुन्या पदाधिकाऱ्यांकडून "माझ्याकडची प्रत पुसली" असं लेखी घ्या. यात कुणाचा अपमान नाही, बँकेत चाव्या सोपवतानाही सही घेतातच.

आता गेटचं ॲप. या कामात माझा सगळ्यात जास्त जीव इथे अडकतो, कारण इथे ज्यांची माहिती सगळ्यात जास्त घेतली जाते, त्यांना कोणीच काही विचारत नाही. घरकामाला येणाऱ्या मावशींचा फोटो, मोबाईल, आधार, कोणकोणत्या घरी कामाला जातात, किती वाजता आल्या, किती वाजता गेल्या, वर कोणीतरी दिलेले स्टार. हे सगळं अख्ख्या सोसायटीला दिसतं. सभासदाचं येणं-जाणं असं चव्हाट्यावर आलं असतं तर पुढच्या सभेत खुर्च्या उडाल्या असत्या. मावशीही तितक्याच डेटा प्रिन्सिपल आहेत, आणि मूळचा नेपाळचा वॉचमनही. भारतात माहिती गोळा होते आहे, एवढं पुरेसं आहे.

ॲपच्या सेटिंगमध्ये जाऊन मावशींचा नंबर फक्त त्या ज्या घरी जातात त्यांनाच दिसेल असं करा. स्टार बंद करा. आधारचा रकाना रिकामा ठेवा. मग त्यांना नोटीस द्या. ती इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या २२ भाषांपैकी कोणत्याही भाषेत मागण्याचा त्यांना हक्क आहे. त्या यादीत मराठी आहे, कन्नड, बंगाली आहे, नेपाळीसुद्धा आहे. आमच्याकडे मी हा मजकूर केलाय, हवा तर उचला :

"गेटवर ओळख पटावी एवढ्यासाठी सोसायटी तुमचं नाव, मोबाईल नंबर आणि फोटो घेत आहे. दुसऱ्या कामाला वापरणार नाही. तुम्ही इथलं काम सोडल्यावर एक वर्षाने पुसून टाकू. नंबर चुकला असेल तर दुरुस्त करून मिळेल. संमती मागे घ्यायची असेल तर ऑफिसात किंवा फोनवर सचिवांना सांगा. आमच्याकडून दाद लागली नाही, तर डेटा संरक्षण मंडळाकडे तक्रार करता येते."

हे त्यांच्यासमोर वाचून दाखवा. वाचता न येणाऱ्या बाईचा अंगठा घेऊन कागद फायलीत लावला, तर तिला काही समजलं असं होत नाही आणि कायद्याला समजून दिलेलीच संमती हवी असते. संमती देणं जितकं सोपं, तितकंच मागे घेणंही सोपं असलं पाहिजे.

ॲप कंपनीचा माणूस "सगळं आमच्या सर्व्हरवर सेफ आहे" म्हणेल. म्हणू दे. कंपनी आपल्या वतीने काम करते, जबाबदारी सोसायटीचीच राहते. करार लेखी हवा आणि त्यात तीन गोष्टी हव्यातच : माहिती जाहिरातीसाठी वापरणार नाही, फुटली तर आम्हाला तत्काळ कळवाल, ॲप सोडल्यावर सगळं पुसून तसं लिहून द्याल. फुकटात ॲप मिळत असेल तर पहिलं कलम दोनदा वाचा.

व्हॉट्सॲप ग्रुपवर थकबाकीची एक्सेल फाइल टाकू नका. त्यात नंबर असतात, कोणाचा फ्लॅट बंद आहे ते कळतं, आणि ग्रुपवर भाडेकरूंपासून इस्टेट एजंटपर्यंत सगळे असतात. ज्याची थकबाकी, त्याला स्वतंत्र पत्र द्या. सीसीटीव्हीचा पासवर्ड दोघांकडेच ठेवा, कोणी कधी फुटेज पाहिलं त्याची वही घाला, पोलिसांना दिलं तर त्यांचं पत्र फायलीत लावा. गणपतीतल्या स्पर्धांच्या गूगल फॉर्मवर मुलांची जन्मतारीख आणि शाळा विचारायचं थांबवा. १८ वर्षांखालच्यांसाठी पालकांची पडताळलेली संमती लागते. 'पहिली ते चौथी' असा गट विचारला तरी भागतं.

माहिती फुटलीच, म्हणजे लॅपटॉप हरवला किंवा यादी भलत्याच ग्रुपवर गेली, तर ज्यांची माहिती गेली त्या प्रत्येकाला आणि डेटा संरक्षण मंडळाला विनाविलंब कळवायचं, आणि मंडळाला ७२ तासांत सविस्तर अहवाल द्यायचा. "दहाच लोकांची होती" ही सबब चालत नाही. सुरक्षेत हयगय केल्याचा दंड २५० कोटींपर्यंत आहे. ती कमाल मर्यादा. मंडळ प्रकरणाचं गांभीर्य बघून रक्कम ठरवेल. पण दंड सरकारच्या तिजोरीत जातो, ज्या मावशींचा नंबर बाहेर गेला त्यांना त्यातला रुपयाही मिळत नाही. म्हणून मला दंडापेक्षा आधी घेतलेली काळजी महत्त्वाची वाटते.

शेवटचं काम तारखेचं. वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यायची असते. म्हणजे मे २०२७ च्या आधीची शेवटची नियमित सभा २०२६ चीच. तिची विषयपत्रिका १४ दिवस आधी निघते, त्यात "सभासद व इतरांच्या वैयक्तिक माहितीची हाताळणी" हा विषय घाला. ठरावात तक्रारी कोणाकडे करायच्या त्याचं पद आणि सोसायटीचा ईमेल लिहा. तक्रारीला उत्तर द्यायची कमाल मुदत ९० दिवस आहे, आम्ही १५ ठेवली आहे.