झपाटल्याची कथा लिहिताना

आधी भूत ठरवा. मुंजा पिंपळावरचा, मुंज होऊन लग्नाआधी मेलेला, गिऱ्हा पाण्यातला. प्रत्येकाची जागा आणि अपुरी राहिलेली इच्छा वेगळी, म्हणून झपाटलेल्याचं वागणंही वेगळं. सगळीकडे हडळच आणली की कथा कुठल्याच गावची राहत नाही.

मग भुताने झपाटण्याआधीचं माणूस दाखवा, किमान दोन पानं. सून रोज सासूला ‘अहो आई’ म्हणते, ताटात मीठ डावीकडे वाढते. एके संध्याकाळी मीठ उजवीकडे येतं आणि ती म्हणते, ‘काय गं म्हातारे, जेवलीस?’ एवढं पुरतं. डोळे पांढरे, घोगरा आवाज, उलटे पाय एकदम आले की भीती तिथेच संपते, कारण पुढे वाढवायला काही उरत नाही.

घरच्यांत मतभेद ठेवा: एक देवऋषी आणेल, एक डॉक्टर. कथा आजची असेल तर 2013चा जादूटोणाविरोधी कायदा विसरू नका. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण किंवा मिरचीची धुरी देणं गुन्हा आहे. तो प्रसंग लिहायचाच तर बाईच्या वेदनेच्या बाजूने लिहा, चमत्कार म्हणून कधीच नको.