पॅरिस गाळलं, म्हणून अठरा दिवस जमले

कमी पैशांत एकटीनं युरोप करायचा असेल तर यादीतून आधी पॅरिस आणि स्वित्झर्लंड काढा. मी पंचावन्नाव्या वर्षी प्राग (चेकिया), क्राकूव्ह (पोलंड) आणि बुडापेस्ट (हंगेरी) अशी तीनच शहरं अठरा दिवसांत केली. रोज गाव बदललं की सगळे पैसे प्रवासातच जातात.

तिन्ही देशांना एकच शेंगेन व्हिसा चालतो. त्याचा अर्ज जिथे सर्वांत जास्त रात्री मुक्काम, त्या देशाकडे. फी ९० युरो, प्रवासातल्या आजारपणाचा विमा किमान ३०,००० युरोंचा. कागद जमवायला वेळ लागतो, सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो.

हॉस्टेलमध्ये फक्त बायकांची खोली मिळते. खालची खाट मागून घ्या, मध्यरात्री शिडी उतरताना गुडघे बोलायला लागतात. कुलूप आपलं न्या. स्वयंपाकघर नसेल तर ते हॉस्टेल स्वस्त असूनही महागच पडतं.

या तिन्ही देशांत युरो नाही. कोरुना, झ्लॉटी, फोरिंट. एटीएम विचारतं, रक्कम रुपयांत करून देऊ का? नाहीच म्हणायचं, तो दर त्यांच्या सोयीचा असतो. आणि ट्राम-बसचं तिकीट नुसतं विकत घेऊन भागत नाही, मशीनमध्ये घालून शिक्का मारावा लागतो. हे मला दंड भरल्यावर कळलं. चूक माझीच, पण त्या दिवशी जेवण गोड लागलं नाही.

जेवणासाठी पोलंडमध्ये ‘बार म्लेचनी’ शोधा. नाव दुधाचं, पण ही साधी खाणावळ. पदार्थांची यादी भिंतीवर, पोलिशमध्ये. आधी पैसे भरायचे, मग खिडकीतून ताट घ्यायचं. ‘पिएरोगी रुस्किए’ म्हणजे उकडलेली करंजीच म्हणा ना, आत बटाटा आणि पनीरसारखं चीज. वर कधीकधी डुकराच्या चरबीचे तुकडे टाकतात, म्हणून ‘बेझ म्येंसा’, बिनमांसाचं, असं आधीच सांगायचं. मी कागदावर लिहून दाखवलं. काउंटरवरच्या बाईंनी वाचलं, मान हलवली आणि वर फक्त परतलेला कांदा घातला. खाऊन झालं की ताट आपणच खिडकीत नेऊन ठेवायचं.

घरून पेढे-तूप नेऊ नका, दुधाचे पदार्थ युरोपियन युनियनमध्ये न्यायला बंदी आहे. शेंगदाणे-गुळाचे लाडू न्या. पोलंडमध्ये बहुतेक रविवारी मोठी दुकानं बंद असतात, त्यामुळे ब्रेड-केळी शनिवारीच घ्या. माझा पहिला रविवार लाडवांवरच निघाला.