फुलोरा आला तरी पेटी भरेना? राणी बदलण्याआधी पिलावा पाहा

फुलोरा सुरू होऊन दोन-तीन आठवडे झाले. बाकीच्या पेट्यांत मधमाश्या सात-आठ चौकटींवर (पोळी धरणाऱ्या लाकडी चौकटींवर) पसरल्या, एक पेटी मात्र अजून तीन चौकटींतच घुटमळते आहे. अशा वेळी पहिला राग राणीवर निघतो. कधी तो रास्तही असतो. पण पुष्कळदा राणी धडधाकट असते आणि तिच्या अंड्यांना ऊब द्यायला माश्याच पुरेशा नसतात. पिलाव्याला, म्हणजे अंडी, अळ्या आणि कोषांना, सुमारे ३४-३५ अंश सेल्सिअस ऊब लागते; माश्या अंगाने झाकतील तेवढ्याच जागेत तो वाढतो.

म्हणून ऊन वर आल्यावर, वारा नसताना पेटी उघडा आणि राणी शोधत बसू नका. सूर्याकडे पाठ करून चौकट धरली की पोळ्यातल्या घरांच्या तळाशी अंडी दिसतात. तळाशी एकेकच अंडं असेल, तर गेल्या तीन दिवसांत राणी तिथून फिरलेली आहे. तिचं दर्शन झालंच पाहिजे असं नाही.

पिलावा लहान, पण सलग भरलेला असेल तर राणी चांगली, माश्या कमी. मधेमधे रिकामी घरं टाकून विखुरलेला असेल तर राणीवर संशय घ्या, पण रोगातही पिलावा असाच दिसतो. कामकरी माश्यांच्या घरांवर घुमटासारखी फुगीर झाकणं दिसू लागली, तर राणीकडून नरच जन्मताहेत. तिला बदलण्यावाचून इलाज नाही. एका घरात तीन-चार अंडी, तीही भिंतींना चिकटलेली? मग राणी नाहीच, कामकरी माश्याच अंडी घालू लागल्या आहेत. (नवी राणीही सुरुवातीचे काही दिवस एका घरात दोन अंडी टाकते, पण तळाशी. तिला वेळ द्या.)

पिवळट, वेड्यावाकड्या पडलेल्या अळ्या, खचलेली झाकणं, दुर्गंधी यांतलं काही दिसलं तर या पेटीतली चौकट दुसरीकडे नेऊ नका आणि ही पेटी दुसऱ्या पेटीशी जोडूही नका. माश्यांच्या अंगावर जगणारा व्हरोआ कोळी तपासायला सुमारे ३०० माश्या जाळीच्या झाकणाच्या बरणीत पिठीसाखरेत घोळवा आणि साखर पांढऱ्या ताटात चाळा. घेताना राणी त्यांत नाही ना, एवढं बघा. शंभर माश्यांमागे तीन किंवा जास्त कोळी निघाले, तर आधी त्यांचा बंदोबस्त. नवी राणी आणून कोळी जात नाहीत.

रोग नाही, राणीही बरी, तर पेटी आवळा. माश्यांनी न झाकलेल्या चौकटी काढून घ्या, रिकामी जागा अडवणारी आड फळी सरकवा, दार दोन-तीन माश्या जातील एवढंच ठेवा. मधकोठी (मध साठवायचा वरचा कप्पा) चढवण्याची घाई नको. मकरंद कमी येत असेल तर साखर आणि पाणी समभाग घेऊन केलेला पाक संध्याकाळी, पेटीच्या आत द्या. थेंबही बाहेर सांडू नका. दुबळ्या पेटीवर दुसऱ्या पेट्यांतल्या माश्यांची लूट पडायला तेवढं पुरतं. कुठला तरी मध खाऊ म्हणून देऊ नका, त्यातून रोग येतो.

सगळ्यात गुणकारी मदत म्हणजे बळकट, निरोगी पेटीतली झाकणबंद पिलाव्याची एक चौकट, तीही माश्या बाहेर पडायला आलेली. राणी तिच्यावर नाही याची खात्री करून ती पिलाव्याला लगटून ठेवा. उघड्या अळ्यांची चौकट देऊ नका. त्यांना भरवायला इथे हात नाहीत. दोन-तीन आठवड्यांत राणीने पसारा वाढवला तर दोष तिचा नव्हता. एवढी कुमक मिळूनही ती तिथेच राहिली, तर बदला. मात्र पोळ्याच्या मध्यावर एक-दोन राणीघरं (नवी राणी वाढवायची मोठी घरं) दिसली तर ती मोडू नका, माश्यांनी बदलाचं काम आधीच हाती घेतलेलं असतं.

आता हिशोब करा. मेलिफेरा जातीची (पाळीव युरोपीय मधमाशी) कामकरी माशी अंड्यापासून २१ दिवसांनी बाहेर पडते आणि पुढचे साधारण तीन आठवडे घरातच राबते. म्हणजे आजचं अंडं मकरंद आणायला लागेल सहा आठवड्यांनी. फुलोरा महिनाभरच उरला असेल तर ही पेटी या हंगामात मध देणार नाही. तिला जगवायला साखर ओतण्यापेक्षा ती बळकट पेटीला जोडावी, असं माझं मत. दोन दुबळ्या पेट्या एकत्र करून एक बळकट होईलच असं नाही.

जोडताना निकृष्ट राणी आधी काढा. संध्याकाळी बळकट पेटीवर वर्तमानपत्राचा एक कागद पसरा, त्याला बारीक चिरा पाडा आणि दुबळीचा कप्पा वर ठेवा. कागद कुरतडेपर्यंत दोघींचा वास मिसळतो. आठवडाभर पेटी उघडू नका. नंतर उघडाल तेव्हा कागदाचे तुकडे झाडा आणि ताजी अंडी आहेत ना, तेवढं पाहून झाकण लावा.